दहाच डेसिबल

विन्या, आज नाशिकला तुझं तेरावं झालं. मी इथे कुवेतला, महबूल्यात तुझ्या इमारतीसमोर गाडी लावून तासभर बसलो होतो. रडू येईल असं वाटलं होतं. आधी आला तो राग. तू समोर असतास तर दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि मग काय ते बोललो असतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ निघाले, तेव्हा ते काम त्यांच्याकडेच राहू दे.

गेल्या शुक्रवारी इथल्या मराठी मंडळाने शोकसभा ठेवली होती. तुझ्या प्लांटवरचे एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "विनायकरावांचा कान म्हणजे काय सांगू! चालत्या पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचे, मूठ कानाला लावायची, आणि सांगायचे, हे बेअरिंग पंधरा दिवसांत जाणार. आणि जायचंच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शेवटच्या रांगेत बसून चहाचा कागदी कप चुरगाळत होतो. तुझ्या कानांची खरी हालत त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होती. दोन शब्द बोला म्हणून मला बोलावलं, तर घसा बसलाय असं सांगून मी बाहेर पडलो.

माझा धंदाच तो. फहाहीलच्या एका क्लिनिकात मी गेली बारा वर्षं लोकांचे कान तपासतो. माणसाला आवाजबंद केबिनमध्ये बसवायचं, कानावर हेडफोन घालायचे, हातात बटण द्यायचं. बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, आणि मी कागदावर खूण करायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. तू पहिल्यांदा आलास तो कंपनीच्या वार्षिक तपासणीसाठी. केबिनमधून बाहेर आलास आणि निकाल विचारायच्या आधी मला विचारलंस, "हे तुमचं मशीन शेवटचं कॅलिब्रेट कधी झालं?" मी म्हटलं, हा माणूस एकतर पुण्याचा असणार नाहीतर इन्स्ट्रुमेंटवाला. पुण्याचा मीच निघालो. तू नाशिकचा, आणि दिवसभर प्लांटवरची मीटरं तपासणारा. येत्या शुक्रवारी जेवायला ये म्हणालास. मेधावहिनींच्या हातचं थालीपीठ मी त्या शुक्रवारी खाल्लं आणि पुढची दहा वर्षं खात राहिलो. मी तेव्हा एकटाच राहत होतो, कुवेतमध्ये नवा होतो, आणि शुक्रवार हा आठवड्यातला सगळ्यात लांबलचक दिवस असायचा. तो तू भरून काढलास. हे उपकार मी नाकारत नाही.

पण भांडण त्याच शुक्रवारी सुरू झालं. तुझ्या हॉलमध्ये दोन अ‍ॅम्प्लिफायर होते. एक जुना, एक हवल्लीच्या दुकानातून नुकताच आणलेला. प्लांटच्या वर्कशॉपमधून आणलेला मीटर लावून तू दोन्ही मोजले होतेस. वरच्या पट्टीत दोघांत पॉइंट दोन डेसिबलचा फरक. तेवढा फरक तुला ऐकू येतो, असं तुझं म्हणणं. मी हसलो. म्हटलं, "विनायकराव, माझं मशीन पाच-पाच डेसिबलच्या पायऱ्यांनी चालतं. माणसं तिथेच अडखळतात. पॉइंट दोन?"

"मीटरला जे कळतं ते कानाला कळतंच," तू म्हणालास. "फक्त कान शहाणा पाहिजे."

"कान शहाणा नसतो. मन लबाड असतं."

त्यावर तू तंबोऱ्याची सीडी लावलीस. नुसता तंबोरा, गाणं नाही. म्हणालास, नव्यावर जव्हारी, तारांची ती बारीक झणझण, कशी मोकळी लागते बघ, आणि जुन्यावर कशी बसते. मला काही फरक कळला नाही. तसं मी सांगितलं. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मला वाटलं आता थालीपीठ परत मागतोस.

मग आपण ती परीक्षा घेतली. आठवतंय ना? तुझ्या पाठीमागे चादर टांगली, तिच्यामागे दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर आणि तू स्वतः बनवलेलं स्विचचं खोकं. वहिनी चादरीमागे बसल्या. मी चिठ्ठी काढून त्यांना गुपचूप दाखवणार, त्या स्विच फिरवणार, आणि तू ओळखायचं, जुना की नवा. दहा वेळा. तू दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगितलंस. मी उडालोच. तू उठून मला मिठी मारलीस आणि म्हणालास, "सुहास्या, एवढं शिकून तू नुसती बटणं दाबायला शिकलास." विनायकराव आणि सुहासराव तिथेच संपले.

जेवता जेवता माझ्या लक्षात आलं. स्विच एका बाजूला फिरवताना वहिनींचा हात वर जायचा आणि बांगड्या वाजायच्या. दुसऱ्या बाजूला नाही वाजायच्या. तू अ‍ॅम्प्लिफायर ओळखत नव्हतास, बायकोच्या बांगड्या ओळखत होतास. मी ताट तसंच ठेवून ओरडलो, "परत घ्यायची! वहिनी, बांगड्या काढून ठेवा!"

वहिनींचा चेहरा पडला. "भावजी, असं तोंडातून काढतात का हो?" म्हणाल्या. मी कान पकडले. शेवटी त्यांनीच दोन्ही मनगटांना हातरुमाल घट्ट बांधले आणि पुन्हा चादरीमागे जाऊन बसल्या. या वेळी तुझे दहापैकी पाच बरोबर आले. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. तू म्हणालास, हातरुमालाने त्यांचा स्विच नीट बसत नव्हता. निर्लज्ज माणूस. त्यानंतर दहा वर्षं हा वाद चालला. तू नव्या वायरी आणायचास, मी त्यांना नावं ठेवायचो. तुझी ऋचा त्या वादात मोठी झाली. "बाबा, यू लॉस्ट, जस्ट अ‍ॅक्सेप्ट इट," ती म्हणायची, आणि तू तिला म्हणायचास, हरणं माझ्या रक्तात नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, कारण आज केली नाही तर कधीच होणार नाही. दिवसभर नुसत्या पीं-पीं आवाजात बसून मला आवाजाचा वीट आला होता. तू मला तंबोऱ्यासमोर गप्प बसायला शिकवलंस. पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. खर्जाच्या तारेतून वर निघणारा तो गंधार तूच मला दाखवलास. "कुणी वाजवत नाहीये तो, आणि तरी आहे," म्हणालास. मला तो ऐकू आला तेव्हा तुला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. अ‍ॅम्प्लिफायर कुठला होता ते मी विचारलं नाही.

आता त्या दिवसाबद्दल. दोन वर्षांपूर्वी तू नेहमीसारखा वार्षिक तपासणीला आलास. केबिनमध्ये बसलास. खालच्या आवाजांना ठीक होतास. चार हजार हर्ट्झच्या बारीक पट्टीवर गेलो आणि मी वाट बघत बसलो. आवाज वाढवला. पुन्हा वाढवला. मग तू बटण दाबायला लागलास, पण कसा? ठेका धरून. मी दर तीन सेकंदांनी आवाज सोडतोय असं गृहीत धरून तू मनातल्या मनात मात्रा मोजत होतास. मी आवाज सोडणं थांबवलं. केबिनमध्ये पूर्ण शांतता होती, आणि काचेपलीकडे तू डोळे मिटून, मान हलवत, बरोबर समेवर बटण दाबत होतास. मला इतकी लाज वाटली की मी खाली बघितलं. माझ्यासमोर हे करायला तुला काहीच कसं वाटलं नाही?

पुन्हा नीट तपासलं. दोन्ही कान पंचावन्नवर, म्हणजे त्या पट्टीत पंचावन्न डेसिबलखालचं काही ऐकूच येत नव्हतं. तुमच्या कंपनीच्या नियमात पन्नासच्या पुढे गेलेल्या माणसाला प्लांटच्या उघड्या आवारात काम नाही. वर्षानुवर्षं आवाज अडवणारी मफ कानावरून वर सरकवून पंपांना स्क्रूड्रायव्हर लावत बसलास, त्याचं फळ होतं ते. मी आलेख तुझ्यासमोर ठेवला. तू तो इतका वेळ बघितलास, जणू दुसऱ्या कुणाचा कागद चुकून तुझ्याकडे आला होता.

मग दार लावलंस आणि म्हणालास, "सुहास्या, पंचेचाळीस लिही."

मी नाही म्हटलं. तू म्हणालास, आवारातून काढलं तर ऑफिसात जागा नाही, मला सरळ घरी पाठवतील, इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल, ऋचाची बारावी मध्येच तुटेल. मी तरी नाही म्हटलं. आलेखाखाली डॉक्टर सही करतात ते माझ्यावर विश्वास ठेवून, मान वर न करता. तेव्हा तू ते वाक्य बोललास.

"दहाच डेसिबल रे. दहा डेसिबलने काय फरक पडतो?"

पॉइंट दोनसाठी माझ्याशी दहा वर्षं भांडलेला माणूस हे म्हणत होता. आणि मी काय केलं? मी हसलो, विन्या. तू काकुळतीला आला होतास आणि मला हसू आलं, कारण मला दिसलं की मी जिंकतोय. मी म्हटलं, "हरलो म्हण." मी पुन्हा म्हटलं, "पॉइंट दोन ऐकू येत नाही, हरलो, असं म्हण." तू जमिनीकडे बघत म्हणालास, "हरलो." आणि मी कोरा कागद घेतला आणि गोल आणि फुल्या पंचेचाळीसवर काढल्या. तू मला वाद दिलास, मी तुला दहा डेसिबल दिले. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे दोन बाप्ये शाळकरी पोरांसारखे वागले.

अट घातली होती मी. ऐकण्याचं यंत्र घ्यायचं, मफ काढायची नाही, आवारात एकट्याने फिरायचं नाही. तू हो हो म्हणालास. आणि काय केलंस? यंत्राचं नाव काढलं की, "कानात ते बटण खुपसून मी तंबोरा ऐकू?" अरे गाढवा, तंबोरा तुला ऐकू येतच नव्हता! जव्हारी ज्या पट्टीत असते ती तुझ्या कानातून केव्हाच गेली होती. मोकळी लागतेय म्हणून डोलायचास तेव्हा तू आठवणीतली जव्हारी ऐकत होतास. हे मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण तुझं तोंड पडलेलं मी एकदा पाहिलं होतं आणि पुन्हा बघायचं नव्हतं. मग हळूहळू तू शुक्रवारी बोलावणं कमी केलंस. मी दिसलो की तुला तो कागद दिसायचा. मलाही तोच दिसायचा, आणि पुढच्या वर्षीच्या तपासणीला मी निमूट तोच आकडा पुन्हा उतरवला. वहिनींनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "टीव्ही केवढ्याने लावतात हो हे, कानाचं काही आहे का?" मी म्हटलं, वयाने होतं थोडं.

आणि तेरा दिवसांपूर्वी, भर दुपारी, आवारात पाण्याचा टँकर मागे येत होता. त्याचा मागे येतानाचा पीं-पीं भोंगा चालू होता. सगळ्यांनी ऐकला, तीस पावलांवरच्या फोरमनने ऐकला. वारा सुटला होता, बाजूला कॉम्प्रेसर चालू होता, आणि तू पाठ करून उभा राहून कुठल्याशा मीटरवरचा आकडा वहीत उतरवत होतास. हाका मारल्या म्हणे. तू वळलाच नाहीस.

त्यांच्या अहवालात काय लिहिलंय माहीत आहे? भोंगा चालू, दिवे चालू, कर्मचाऱ्याची श्रवणशक्ती प्रमाणपत्रानुसार कामास योग्य. तेव्हा चूक कर्मचाऱ्याची. ते प्रमाणपत्र माझं. त्याच्यावर गोल आणि फुल्या माझ्या हातच्या.

मला वाटलं होतं, एवढ्यावर संपेल. तुला नाशिकला पाठवायचे कागद करत मी तीन दिवस कचेऱ्यांत या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरलो, वहिनींना आणि ऋचाला विमानतळावर घेऊन गेलो. तिथे वहिनींनी मला विचारलं. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "भावजी, यांना ऐकू येत होतं ना? तुमच्याच कागदावर लिहिलंय म्हणे. मग हे हलले का नाहीत?"

मी म्हटलं, वहिनी, आता नको, नंतर बोलू.

"सकाळी मी बोलले होते त्यांना. तो तंबोरा एवढ्या मोठ्याने लावला होता, मी म्हटलं, जीव नकोसा केलाय तुम्ही माझा. काही बोलले नाहीत. डबाही न घेता गेले." एवढं बोलून त्या बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिल्या.

कळतंय का तुला, काय करून ठेवलंस? काय करून ठेवलं आपण? तुझी बायको धरून चाललीये की तू भोंगा ऐकलास आणि हलला नाहीस. तिच्या एका वाक्यापायी. आणि तिचा पुरावा माझा कागद आहे.

मी तो खरा आलेख काढला. फाडला नव्हता, खणात सगळ्यात खाली होता. बसून हिशेब मांडला. टँकरचा भोंगा किती, कॉम्प्रेसर किती, अंतर किती, वारा कुठून. पंचावन्नच्या माणसाला तो ऐकू येईल का? पंचेचाळीसच्या माणसाला आला असता का? मी तीन कागद भरले आणि मला उत्तर आलं नाही. आयुष्यभर मी हेच सांगत आलो की मोजलेला प्रत्येक फरक ऐकू येतोच असं नाही, तपासून बघायला लागतं. हा फरक कसा तपासू? तुला पुन्हा तिथे पाठ करून उभा करू आणि दहा वेळा टँकर मागे आणू? खरं लिहिलं असतं तर तू तिथे नसतासच, एवढंच मला ठामपणे सांगता येतं. तू नाशिकला असतास, इकामा गेला म्हणून मला शिव्या घालत असतास, आणि मी इथून फोनवर त्या खात असतो.

काल तो कागद मी डॉक्टरांपुढे ठेवला. कुवेती माणूस, शांत स्वभावाचा. दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "लेश, सुहास? लेश?" का, म्हणून विचारत होते. मी सांगितलं, दोस्त होता. ते म्हणाले, वरती कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा. इकाम्याचं जे व्हायचं ते होईल. आता त्याची भीती वाटत नाही, आणि दोन वर्षांपूर्वी तुला ती एवढी का वाटत होती हेही मला कळेनासं झालंय.

आज संध्याकाळी तुझ्या इमारतीसमोर बसलो होतो तेव्हा फोन वाजला. ऋचा होती. "सुहास अंकल, होल्ड ऑन, आई वॉन्ट्स टू टॉक." मग वहिनी.

"तेरावं झालं," त्या म्हणाल्या. "पाहुणे गेले. आता सांगा."

तीन कागदांवर न आलेलं उत्तर मी बेधडक सांगितलं. "वहिनी, त्याला ऐकू आलं नाही. शक्यच नव्हतं. दोन्ही कान गेले होते त्याचे, दोन वर्षं झाली. तुमच्या बोलण्याचा काही संबंध नाही. त्याला टँकर कळलाच नाही."

मग त्या रडल्या. बहुतेक तेरा दिवसांत पहिल्यांदा. "ऐकू आलं नाही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "ऐकूच आलं नाही त्यांना. ऐकूच आलं नाही गं, ऋचा." विन्या, माणूस एवढा मोकळा झालेला मी कधी ऐकला नव्हता. मीही त्या वेळी रडलो, गाडीतच, काचा वर करून.

मग त्यांनी नाक पुसल्याचा आवाज आला. "पण मग त्या कागदावर?" त्यांनी विचारलं.

मी तेही सांगितलं. पंचावन्न, पंचेचाळीस, सगळं. तू काय म्हणालास ते सांगितलं. मी तुझ्याकडून काय वदवून घेतलं तेही सांगितलं, कारण ते गाळलं असतं तर पुन्हा खोटा आलेखच झाला असता.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावजी, तुम्ही मला हे सांगितलंत, बरं केलंत. आता पुन्हा इथे फोन करू नका."

मी बरं म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.